वैर कुणाच्या नावावर? विज्ञानकथा कॉमिक्समधली लढणारी घराणी वाचायला घेताना

अंतराळातल्या युद्धाचं कॉमिक हाती घेतलेला नवा वाचक बहुतेकदा पहिल्याच अंकात गोंधळतो. दोन ग्रह, तीन साम्राज्यं, चार जातींचे परग्रहवासी, आणि प्रत्येकाचं नाव असं की दुसऱ्यांदा दिसलं तरी ओळखू येऊ नये. कोण कुणाशी आणि कशासाठी लढतंय हे लावता लावता दमछाक होते आणि पुस्तक मिटून बाजूला पडतं.

यावर साधा उपाय आहे. साम्राज्यांचा नाद सोडायचा आणि त्यांच्या कचाट्यात सापडलेलं एक घर धरायचं. आई, बाप, मुलं, आजी-आजोबा, झालंच तर एखादा कपटी मामा. या प्रकारातली जी कॉमिक्स लोकांनी पुन्हा पुन्हा वाचली, त्यांत युद्ध भलेही गावभर पसरलेलं असो, गोष्ट एका कुटुंबाचीच असते. त्या घरात वैर हे वाडवडिलांच्या कर्जासारखं चालत येतं: काढलं कुणी, फेडतंय कुणी. म्हणून वाचताना जिंकलं कोण यापेक्षा वसुली कुणाकडून झाली याकडे डोळा ठेवला, की पसारा आपोआप लागत जातो.

उदाहरणं देताना काही ठिकाणी कथानक फुटणारच. मोठं रहस्य असेल तिथे आधी सांगेन.

पहिली पायरी: सुरुवातीला छोटं काहीतरी घ्या

सगळेजण नव्या वाचकाला थेट ‘सागा’ हाती देतात. ब्रायन के. व्हॉन यांचं लेखन, फियोना स्टेपल्स यांची चित्रं, २०१२ साली इमेज कॉमिक्सकडून सुरू झालेली मालिका. उत्तम आहे, वादच नाही. पण ती लांब आहे आणि अजून पूर्ण झालेली नाही. १०८ अंकांचा बेत लेखकाने जाहीर केलेला आहे. पहिल्याच घासाला एवढं नको.

माझ्या मते सुरुवात एका सुट्या अंकाने करावी: जॅक कर्बी यांच्या ‘न्यू गॉड्स’ मालिकेतला सातवा अंक, ‘द पॅक्ट’, १९७२ सालचा. एका बैठकीत वाचून होतो, आणि आजपर्यंत या विषयावर जे जे निघालं त्याची बीजं त्यात आहेत. भाषा आज जरा नाटकी वाटेल. उद्गारचिन्हांचा तर पाऊस आहे. ते सोसा. कर्बी स्वतः दुसऱ्या महायुद्धात पायदळात होते, फ्रान्समध्ये लढले होते. त्यांच्या पानांवरची युद्धं अवाढव्य, चमकदार आणि तरीही कुठेतरी किळसवाणी वाटतात, त्याचं कारण तिथे असावं असं मला नेहमी वाटतं.

जुनी शैली अजिबात झेपत नसेल तर ‘लॅझरस’चा पहिला खंड घ्या. तोही आटोपशीर आहे. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

दुसरी पायरी: वही घ्या आणि तीन रकाने आखा

हसू नका, ही पायरी टाळणारेच पुढे हरवतात. पहिल्या रकान्यात माणसाचं नाव. दुसऱ्यात, त्याने काय गमावलं. तिसऱ्यात, त्याची भरपाई तो कुणाकडे मागतोय. ग्रहांची नावं, जहाजांची नावं, पदव्या, काही लिहायचं नाही.

‘द पॅक्ट’वर हे करून पाहू. दोन जगं आहेत, न्यू जेनेसिस आणि अपोकलिप्स. न्यू जेनेसिसचा योद्धा इझाया आणि त्याची बायको अव्हिया. अपोकलिप्सचा स्टेपेनवुल्फ त्यांच्या भूमीवर चालून येतो आणि अव्हियाला मारतो. वहीत पहिली नोंद: इझाया, बायको गमावली, मागणी स्टेपेनवुल्फकडे. इथवर सरळ आहे.

आता स्टेपेनवुल्फसोबत आलेल्या तरुणाकडे बघा. तो त्याचा भाचा, डार्कसाइड. आई राणी आहे, मामा सेनापती आहे, आणि भाच्याला वर चढायचंय. डार्कसाइडने काहीच गमावलेलं नाही, त्यामुळे त्याचा दुसरा रकाना रिकामा राहतो. नवख्या वाचकाने अशा रिकाम्या रकान्यावर लाल खूण करावी. सूडकथेत ज्याचं काही गेलेलं नाही, तरी जो प्रत्येक प्रसंगाला हजर असतो, तोच हे सगळं घडवून आणत असतो. इझाया पेटून उठतो, युद्ध भडकतं, तो स्टेपेनवुल्फला ठार करतो. बायकोचा बदला झाला. आणि भाच्याच्या वाटेतला मामाही परस्पर दूर झाला.

मग युद्ध थांबतं का? नाही. ते आणखी विक्राळ होतं, जगंच्या जगं भाजून निघतात. आपण ज्या पद्धतीने लढतोय ती डार्कसाइडची पद्धत आहे, त्याचा रोग आपल्याला लागलाय, हे इझायाच्या उशिरा ध्यानात येतं. तो शस्त्रं टाकून निघून जातो. परत येतो तेव्हा तह होतो, आणि तहाची अट अशी की दोघांनी आपापला मुलगा दुसऱ्याच्या हवाली करायचा. इझायाचा कोवळा मुलगा स्कॉट अपोकलिप्सवर ग्रॅनी गुडनेसच्या अनाथालयात जातो. ते नावालाच अनाथालय आहे, खरं तर छळछावणी. डार्कसाइडचा संतापी मुलगा ओरायन न्यू जेनेसिसवर वाढतो.

आता वही बघा. अव्हियाच्या मरणाशी या दोन मुलांचा काडीचा संबंध नाही, आणि अखेरची किंमत त्यांच्याच नावावर लिहिली गेली. अंकाचं नाव ‘करार’, आणि करारावर ज्यांचं आयुष्य पणाला लागलं त्यांना कुणी विचारलेलंही नाही. स्कॉट पुढे पळून जातो, तेव्हा करार मोडला म्हणून डार्कसाइडला युद्धाचं आयतं निमित्त मिळतं. त्याने हे आधीच ताडलेलं असतं. म्हणजे तहसुद्धा पुढच्या युद्धाची तयारी होती!

एका अंकात एवढं सापडलं, तर पुढच्या मालिकांना हीच वही पुरेल.

तिसरी पायरी: पहिला घाव शोधा, पण फार शोधू नका

‘हे सुरू कसं झालं?’ हा प्रश्न पडणं साहजिक आहे. चांगले लेखक त्याचं उत्तर मुद्दाम धूसर ठेवतात. ‘सागा’मध्ये लँडफॉल हा ग्रह आणि रीथ हा त्याचाच उपग्रह एकमेकांच्या जिवावर उठलेत. भांडण का लागलं यात मालिकेला फारसा रस नाही. तिला रस आहे तो भांडण पुढे कसं गेलं यात. दोघांपैकी एक नष्ट झाला तर दुसरा कक्षेतून भरकटेल, म्हणून दोघांनी आपापल्या घरची लढाई बंद केली आणि ती इतरांच्या जगांवर नेऊन ठेवली. लँडफॉलच्या राजधानीत माणसं निवांत आहेत. मरतायत ती तिसरीच.

ही तिसरी माणसं वहीत उतरवायला विसरू नका. इझाबेल नावाची पोरगी आहे, क्लीव्ह ग्रहावरची. सुरुंगावर पाय पडून मेलेली, आता कमरेखाली काही नसलेलं, आतडी लोंबणारं भूत. ती लँडफॉलची नाही, रीथची नाही. आणि हीच इझाबेल नायक-नायिकेच्या तान्ह्या मुलीला रात्री सांभाळते. स्टेपल्स तिला इतकी खोडकर, इतकी टवटवीत काढतात की दोन पानांनंतर आतड्यांकडे लक्षही जात नाही. परक्यांच्या वैरात मेलेली मुलगी त्याच परक्यांचं बाळ जोजवतेय, हे मग जरा उशिराने टोचतं.

चौथी पायरी: सांगणारा कोण, ते पहिल्या पानावरच ठरवा

‘सागा’ची निवेदक आहे हेझल, तीच तान्ही मुलगी, मोठी झाल्यावर. तिचे शब्द चौकटीत बंद केलेले नसतात. चित्रावरच हस्ताक्षरात लिहिलेले असतात, आणि ते हस्ताक्षर स्टेपल्स यांचंच आहे. याचा वाचकाला फायदा असा की एक गोष्ट पहिल्या पानापासून पक्की: काहीही होवो, ही मुलगी मोठी होईपर्यंत जगते. बाकी कुणाचीच हमी नाही. पळापळीच्या ऐन प्रसंगात हेझल मध्येच काहीतरी सहज बोलल्यासारखं सांगून जाते आणि पुढे कुणाचं काय होणार याची कुणकुण लागते. ती वाक्यं दोनदा वाचा.

याच्या अगदी उलट टोकाला ‘मेटाबॅरन्स’. अलेहान्द्रो होदोरोव्स्की यांचं लेखन, अर्जेंटिनाचे चित्रकार हुआन हिमेनेझ यांची रंगचित्रं, १९९२ ते २००३ या काळात फ्रेंचमध्ये निघालेले आठ खंड. ‘मेटाबॅरन’ ही पदवी पिढ्यान्‌पिढ्या चालवणाऱ्या योद्ध्यांच्या घराण्याचा इतिहास सांगतो टोन्टो नावाचा यंत्रमानव, आणि ऐकतो लोथार नावाचा दुसरा. मालक घरी नाही, दोघांना उद्योग नाही. टोन्टो रंगवून, ताणून, भाव खात सांगतो. लोथार अधीर होतो, मध्ये मध्ये तोंड घालतो, शिव्या खातो. बऱ्याच जणांना ही जोडी कंटाळवाणी वाटते आणि ते त्यांची पानं उडवतात. उडवू नका. पिढ्यान्‌पिढ्यांचं क्रौर्य चाकरांच्या तोंडून पराक्रमाची पोथी म्हणून ऐकताना आपणही लोथारसारखेच ‘पुढे काय, पुढे काय’ करायला लागतो. घराण्याचा अभिमान जिवंत ठेवायला घरातलीच माणसं लागतात असं नाही.

पाचवी पायरी: शब्द झाकून शरीरं बघा

कॉमिक वाचताना नवा वाचक संवादांचे फुगे वाचतो आणि चित्रांवरून नजर फिरवतो. निदान एकदा उलट करा. एक प्रकरण संपलं की मागे जा आणि फक्त देह बघत या: कुणाचा हात गेला, कुणाचा डोळा, कुठे धातू बसला.

‘मेटाबॅरन्स’ तर या पद्धतीशिवाय उलगडतच नाही. या कास्ताका घराण्याचा कुळधर्म असा की वारसाला वेदना सोसता येतात का याची परीक्षा बापाच्या हातून व्हायची. त्यात मुलाचा एखादा अवयव जातो, तिथे यंत्र बसतं. मोठा झाल्यावर मुलाने बापाशी द्वंद्व करायचं आणि त्याला ठार मारून पदवी घ्यायची. एका पिढीतल्या वारसाचं तर डोकंच पोलादाचं आहे, आणि तेच त्याचं नाव. हिमेनेझ धातूचा प्रत्येक सांधा, गंज, ओरखडा इतक्या प्रेमाने रंगवतात की क्षणभर ते देखणं वाटतं. कुठल्या बापाने काय हिरावलं हे पोराच्या अंगावर कायमचं कोरलेलं असतं, आणि पोर ते मिरवतं. इथे सूड घ्यायला परका शत्रू लागतच नाही. घराणं स्वतःच्या पोटातच वैर जन्माला घालतं आणि त्याला शिस्त म्हणतं. वहीत या मालिकेसाठी तिसरा रकाना लिहायला गेलात तर प्रत्येक ओळीत एकच शब्द येईल: बाप.

ही मालिका मोठ्यांसाठीच आहे. हिंसा आणि लैंगिक अत्याचार दोन्ही भडक आहे, आणि स्त्रियांच्या वाट्याला जे येतं ते कित्येकदा निव्वळ पुरुषांची गोष्ट पुढे ढकलण्यासाठी येतं. ‘सागा’तही नग्नता आणि रक्तपात भरपूर, पण तिथे आई, सासू, आधीची वाग्दत्त वधू, सगळ्यांना स्वतःचं डोकं आहे. घरात मुलं असतील तर दोन्ही वरच्या फळीवर ठेवा.

शरीराबरोबर पानाची रचनाही बघायची सवय लावा. टॉम किंग आणि मिच गेराड्स यांची बारा अंकांची ‘मिस्टर मिरॅकल’ (२०१७-१८) ही वर सांगितलेल्या स्कॉटचीच पुढची गोष्ट. जवळजवळ प्रत्येक पान नऊ सारख्या चौकटींचं. छळछावणीतून सुटलेला माणूस आता लग्न करून राहतोय, आणि पान मात्र गजांसारखं. मध्येच एखादी चौकट पूर्ण काळी येते आणि तिच्यात डार्कसाइड आहे, एवढाच मजकूर. पहिल्यांदा वाटतं छपाईची गंमत. तिसऱ्या-चौथ्या वेळी पोटात गोळा येतो.

इथे कथानक फुटतंय: स्कॉट आणि त्याची बायको बार्डा यांना मूल होतं, आणि शत्रूकडून तहाचा प्रस्ताव येतो. अट? मूल आमच्याकडे द्या. जे आपल्या बापाने आपल्याबाबत केलं तेच आता स्कॉटकडून मागितलं जातंय, आणि या वेळी निर्णय त्याचा आहे. ‘द पॅक्ट’ आधी वाचायला का सांगितलं, ते इथे कळेल.

सहावी पायरी: मूल कुणाच्या बाजूचं आहे ते विचारा

माझ्या लेखी ही सगळ्यात महत्त्वाची पायरी.

महाभारताची सुरुवात आठवा. बापाला तक्षकाने मारलं म्हणून जनमेजय सर्पसत्र मांडतो, सगळी नागजात आगीत ओढली जाते. ते थांबवतो आस्तिक. त्याचा बाप ऋषी आणि आई नागकन्या, वासुकीची बहीण. दोन्हीकडचं रक्त असलेला पोर मध्ये उभा राहतो तेव्हाच आग विझते. विज्ञानकथा कॉमिक्स हे पात्र पुन्हा पुन्हा घडवतात, फक्त त्याला आस्तिकाइतकं यश सहसा देत नाहीत.

हेझलला आईचे पंख आहेत आणि बापाची शिंगं. आई अलाना लँडफॉलची सैनिक, बाप मार्को रीथचा. तो शरण आलेला युद्धकैदी आणि ती त्याच्यावरची पहारेकरी. दोघं एका फुटकळ वाटणाऱ्या प्रेमकादंबरीवरून जवळ येतात. पहिल्याच अंकात बाळ जन्मतं आणि काही पानांत दोन्ही सैन्यांची माणसं दारात. दोन्ही बाजूंना हे बाळ नकोय, कारण शत्रूबरोबर संसार होऊ शकतो याचा ते चालताबोलता पुरावा आहे. त्या मुलीने काही करायची गरज नाही, तिचं असणंच पुरेसं धोक्याचं. मार्को शस्त्र न उचलण्याची शपथ घेतो आणि बायको-मुलीवर वेळ येते तेव्हा ती त्याच्याने पाळवत नाही. मालिका त्याला त्यासाठी माफही करत नाही आणि शिक्षाही लगेच देत नाही.

पाठलाग करणाऱ्यांच्या घरातही डोकवा. प्रिन्स रोबॉट चौथा, डोक्याच्या जागी दूरचित्रवाणीचा पडदा असलेला राजपुत्र. तो या कुटुंबाच्या मागावर निघतो तेव्हा त्याची बायको गरोदर आहे, आणि आधीच्या एका लढाईने तो आतून मोडलेला आहे. भाडोत्री मारेकरी द विल आपल्या प्रेयसीच्या मरणाने पेटतो. पुढे त्याच राजपुत्राच्या राज्यातला एक साधा सफाई कामगार येतो. त्याचं मूल दगावलेलं आहे आणि त्याचा हिशोब त्याला राजघराण्याकडून चुकता करायचा आहे. वहीत या सगळ्यांची नोंद केलीत तर एक गंमत दिसेल: जवळजवळ प्रत्येक ओळीत कुठे ना कुठे एक मूल आहे. व्हॉन ही गोष्ट कुठेही भाषण करून सांगत नाहीत.

याच नजरेने ‘लॅझरस’ वाचा. ग्रेग रुका यांचं लेखन, मायकेल लार्क यांची चित्रं, २०१३पासून. इथे राष्ट्रं उरलेली नाहीत. जग सोळा घराण्यांत वाटलं गेलंय. घराण्याच्या उपयोगाचे लोक म्हणजे सेवक, उरलेले सगळे ‘कचरा’, हा तिथला अधिकृत शब्द आहे. कार्लाइल घराण्याची धाकटी मुलगी फॉरएव्हर हीच घराण्याची तलवार. मारलं तरी उठून उभं राहील असं तिचं शरीर घडवलेलं आहे. घरच्यांचा जीव वाचवणं हे तिचं काम, घर तिला लेक म्हणतं, आणि ही माया खरी की औषधांसारखीच टोचलेली, हा किडा पहिल्याच खंडात तिच्या डोक्यात सोडला जातो. परकी घराणी दारात येण्याआधी सख्खी भावंडंच काय शिजवतायत ते बघा. भाऊबंदकी वाचून मोठे झालेल्या आपल्या वाचकाला इथे फार समजावावं लागणार नाही.

सातवी पायरी: मांगाकडे वळा, आणि उजवीकडून वाचा

मांगा म्हणजे जपानी कॉमिक. तो मूळ मांडणीत उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. दहा-पंधरा पानांत सवय होते, फार विचार करू नका.

सूडाचा उपयोग सत्ता कशी करून घेते हे बघायचं तर योशिकाझु यासुहिको यांची ‘गंडम: दी ओरिजिन’ (२००१ ते २०११) घ्या. १९७९च्या गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेची ही चित्ररूपात नव्याने सांगितलेली कथा. एका नेत्याचा मृत्यू होतो, झाबी घराणं सत्ता बळकावतं, नेत्याची दोन मुलं परागंदा होतात. मुलगा नाव बदलून, मुखवटा चढवून झाबींच्याच सैन्यात शिरतो, धाकट्या झाबीचा मित्र होतो आणि योग्य वेळी त्याला मरणाच्या तोंडी देतो. बहीण तोवर शत्रुपक्षाच्या जहाजावर पोचलेली आहे. बदला फत्ते? मयताचा थोरला भाऊ त्या अंत्यविधीलाच व्यासपीठ करतो आणि भाषण ठोकून सगळ्या जनतेला नव्याने युद्धाला जुंपतो. एका मुलाने बापासाठी घेतलेला सूड झाबींच्या कारखान्याला इंधन म्हणून जातो. या मालिकेत मला सगळ्यात जास्त आवडतो तो हाच प्रसंग, यंत्रांच्या मारामाऱ्या त्यामानाने ठीक.

हाजिमे इसायामा यांची ‘अटॅक ऑन टायटन’ (२००९ ते २०२१) ही विज्ञानकथा की अद्भुतकथा यावर वाद घाला हवा तर. पण विषयासाठी ती टाळता येत नाही. पुढचा परिच्छेद मोठं रहस्य फोडतो, वाचायची असेल तर तो सोडा.

गाबी ही लहान मुलगी शत्रूच्या जहाजावर चढून साशा या तरुणीला गोळी घालते. नंतर पळताना ती खोट्या नावाने एका कुटुंबाच्या आश्रयाला राहते. जेवू-खाऊ घालणारी ती माणसं म्हणजे साशाचेच आईबाप. सत्य फुटतं ते एका जेवणघरात. साशावर जीव असलेला आचारी सुरी घेऊन उभा आहे आणि तिच्या बापाला म्हणतोय, ही घ्या, तुम्ही मारा. बाप शिकारी आहे. तो सुरी हातात घेतो. आणि मारत नाही. लेकीला जंगलातच मोठं केलं, ती जगात बाहेर पडली, पण जग हेही एक जंगलच निघालं, आता निदान पोरांना तरी यातून बाहेर काढायला हवं, असं काहीसं तो बोलतो. थोर प्रसंग आहे. पण त्यावर थांबू नका, पुढचं बघा: बाप माफ करतो त्याच खोलीत, साशाने कधीकाळी वाचवलेली एक मुलगी सुरी घेऊन गाबीवर धावते. बापाने आपल्या नावावरचं खोडलं म्हणून इतरांच्या नावावरचं खोडलं जात नाही. मोठ्यांचा समंजसपणा मुलांना परस्पर लागू होत नाही, हे इतक्या थोडक्या पानांत दुसऱ्या कुणी दाखवल्याचं मला तरी आठवत नाही.

वेग, खंड आणि तूर्त बाजूला ठेवायच्या गोष्टी

सुटे अंक गोळा करायच्या फंदात सुरुवातीला पडू नका, एकत्रित खंड घ्या. ‘सागा’चा प्रत्येक खंड सहा अंकांचा. ५४व्या अंकाला, म्हणजे नवव्या खंडाच्या शेवटी, २०१८ साली निर्मात्यांनी मोठी विश्रांती घेतली आणि ५५वा अंक २०२२च्या जानेवारीत आला. वाचतानाही तिथेच थांबा. तो खंड संपवून लगेच पुढचा उघडला तर मधला धक्का वाया जातो.

पात्रांची माहिती जालावर शोधायचा मोह आवरा. नाव टाकायचा अवकाश, पहिल्याच ओळीत ते पात्र कधी मेलं हे कळतं. त्यासाठीच वही.

एका रात्रीत खंडच्या खंड संपवणाऱ्यांना ‘मेटाबॅरन्स’ पाठोपाठ वाचल्यास बधिरपणा येतो. एक खंड, मग मध्ये काहीतरी हलकंफुलकं, मग दुसरा.

आणि मार्व्हलच्या कॉमिक्समधलं क्री आणि स्क्रल या दोन परग्रही वंशांचं वैर सगळ्यात शेवटी ठेवा. मूळ कथा १९७१-७२च्या ‘अव्हेंजर्स’मधली. तिचे धागे पुढे इतक्या मालिकांत विखुरलेत की नवा माणूस तिथे नक्की अडकतो. त्यातला हल्कलिंग मात्र ओळखून ठेवा: बाप क्री, आई स्क्रल राजकन्या, २००५च्या ‘यंग अव्हेंजर्स’मध्ये आलेला. २०२०च्या ‘एम्पायर’मध्ये हे दोन हाडवैरी अखेर एका झेंड्याखाली येतात, याच मुलाला सम्राट करतात, आणि एक झाल्या झाल्या लढायला निघतात ते कोटाटी नावाच्या वनस्पतिवंशाशी. त्या वंशाचाही क्रींवर जुना दावा आहेच. ‘एम्पायर’ उघडण्याआधी कोटाटी कोण एवढं तरी वाचून घ्या, नाहीतर सगळी आकाशगंगा झाडांवर का उठलीय हेच कळायचं नाही.